आंबागडची दिवसभराची फेरी : नियोजन परतीपासून

(शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भंडारा जिल्हा म्हटला की वैनगंगा, धानाच्या बांध्या आणि तलाव डोळ्यांसमोर येतात. या जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आहेत, त्यांत एक गिरिदुर्ग आहे आणि तो चढून जाण्याजोगा आहे, याची जाणीव मात्र जिल्ह्यातीलच पुष्कळ विद्यार्थ्यांना नसते. शाळेची सहल निघते ती बसने, आणि बसच्या खिडकीतून जे दिसेल तेवढाच मुलखाचा परिचय होतो. वास्तविक पायी चालणे या भागाला नवे नाही. विदर्भातील भाविक पिढ्यान् पिढ्या चौरागडच्या महादेवाला डोंगर चढून जात आले आहेत. गायमुखला महाशिवरात्रीची यात्रा भरते. त्र्यंबकेश्वरी श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी घातली जाते. जेथून निघाले तेथेच, पण दुसऱ्या वाटेने परत यावयाचे, ही प्रदक्षिणेची कल्पना आपल्या रक्तातच आहे.

यात्रेकरूच्या पाठीशी मळलेली वाट, ओळखीची माणसे आणि वाटेत पाणी देणारी गावे असतात. चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन रानात शिरणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी यांपैकी काहीही आपोआप उभे राहत नाही. ते आधी उभे करावे लागते. यासच नियोजन म्हणावयाचे. आणि दिवसभराच्या पदभ्रमणाचे नियोजन निघण्याच्या वेळेपासून न करता परतण्याच्या वेळेपासून मागे मागे करीत यावे, हा आजच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

दुर्ग आणि त्याचा परिसर

आंबागडचा किल्ला तुमसरपासून सुमारे बारा-तेरा किलोमीटरवर, त्याच नावाच्या गावालगतच्या डोंगरावर आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याचा सुभेदार राजखान पठाण याने तो इ. स. १७०० च्या सुमारास बांधला. याच बख्त बुलंदाने १७०२ मध्ये नागपूर शहर वसविले, हे ध्यानी घेतले म्हणजे या दुर्गाचे स्थान उमगते. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्याचा उपयोग बंदीगृह म्हणून झाला. आतील विहिरीचे दूषित पाणी प्यावयास लावून कैद्यांचा अंत केला जाई, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिकेचा खरेखोटेपणा इतिहासकारांनी ठरवावा. गडावरच्या साचलेल्या पाण्यास तोंड लावू नये, एवढा बोध आजच्या पांथस्थाला पुरेसा आहे.

महाराष्ट्रातील अकरा आणि तामिळनाडूतील जिंजी अशा बारा दुर्गांचा २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांच्याकडे लोकांचा ओघ राहणारच. परंतु पूर्व विदर्भातील विद्यार्थ्याला आपल्या भागाचा इतिहास, म्हणजे गोंड राजवटीचा आणि त्यानंतरच्या भोसल्यांच्या अमलाचा इतिहास, पायांनी शिकावयाचा असेल, तर त्याने आंबागडचीच वाट धरली पाहिजे.

केवळ गडावर जाऊन आल्या वाटेने उतरणे हे एका सकाळचे काम आहे. एका बाजूने चढून, माथ्यावरील अवशेष पाहून, दुसऱ्या अंगाने उतरून, पायथ्याच्या रानातून, धुऱ्यांवरून आणि एखाद्या तलावाच्या पाळीवरून निघाल्या जागी परत यावयाचे असेल, तर मात्र तो पूर्ण दिवसाचा, कस पाहणारा कार्यक्रम होतो. अशी फेरी आखताना पुढील पायऱ्या क्रमाने घ्याव्यात.

कोठे चालावे, कोठे चालू नये

पहिला प्रश्न परवानगीचा. जिल्ह्यातील कोका अभयारण्य २०१३ मध्ये घोषित झाले आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात ते समाविष्ट आहे. दक्षिणेस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा भाग आहे. ही क्षेत्रे पदभ्रमणासाठी नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये तेथे परवान्याविना प्रवेश करता येत नाही, आणि पर्यटक जातो तो ठरलेल्या रस्त्याने, वाहनातून आणि वाटाड्यासह. हे रान पाहावयाचे असेल तर त्याच रीतीने पाहावे. पायी फिरण्याची हौस तेथे भागवू नये.

अभयारण्याबाहेरचे रान म्हणजे मोकळे रान, असा समजही चुकीचा आहे. वाट राखीव वनातून जात असल्यास वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची लेखी संमती आधी घ्यावी. या भेटीचा दुसरा लाभ असा की, त्या आठवड्यात कोणत्या कक्षात वाघ, बिबट्या वा अस्वल यांचा वावर आहे, कोठे बांबूची वा लाकडाची तोड चालू आहे, याची माहिती बीटगार्डकडून मिळते. ती कोणत्याही नकाशावर छापलेली नसते. शाळेच्या बाबतीत शिक्षण विभागाची परवानगी आणि पालकांचे संमतिपत्र ही बाब स्वतंत्र आहे. एखाद्या संस्थेमार्फत सहल काढावयाची असल्यास, राज्य शासनाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या साहसी पर्यटन धोरणानुसार त्या संस्थेची नोंदणी झालेली आहे किंवा नाही, हे पाहून घ्यावे.

नकाशा आणि पूर्वपाहणी

भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून या देशाचे मोजमाप करीत आला आहे. त्याच्या एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर. त्यावरील समोच्च रेषा जेथे दाट होतात तेथे चढ उभा, जेथे विरळ होतात तेथे सौम्य. भूगोलाच्या पुस्तकात मुले हे पाठ करतात. फेरीची आखणी त्यांच्याकडूनच करून घेतल्यास तो धडा कायमचा लक्षात राहील. त्याच्या जोडीला तलाठी कार्यालयातील गावनकाशा पाहावा. पांदण रस्ते, नाले, बोड्या आणि माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘मामा तलाव’, त्यावर सापडतात.

परंतु कोणताही नकाशा पूर्वपाहणीची जागा घेऊ शकत नाही. फेरीच्या पंधरा दिवसांच्या आत दोन शिक्षकांनी आणि गावातील एका माहितगाराने ती संपूर्ण वाट एकदा चालून यावी. हातातील भ्रमणध्वनीवर अंतर व वेळ नोंदवावी. त्याला कोठे संपर्क मिळतो आणि कोठे मिळत नाही, हेही टिपावे. गुरांच्या पाऊलवाटांमुळे पडणारे फाटे, निसटत्या दगडांचा उतार, सावलीची जागा, पिण्याजोग्या पाण्याची विहीर किंवा हातपंप, आणि मधूनच गाडीरस्त्याला लागता येईल अशी आडवाट, या पाच गोष्टींची नोंद झाली म्हणजे पाहणी पूर्ण झाली असे समजावे.

फेरी कोणत्या दिशेने घालावी, हाही विचार पाहणीतच व्हावा. सर्वसाधारण नियम असा की, उभा चढ सकाळच्या गारव्यात चढावा आणि उतरण सौम्य बाजूने असावी. थकलेले पाय निसटत्या दगडांवर उतरताना घसरतात. शेवटचा टप्पा गावाच्या आणि पाण्याच्या जवळून जाणारा असावा.

वेळेचे गणित

विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा आडाखा सांगितला. दर तीन मैलांस एक तास आणि दर दोन हजार फूट चढाईस आणखी एक तास. आजच्या मापात हे सुमारे ताशी पाच किलोमीटर आणि दर सहाशे मीटर चढाईस एक तास, असे होते. हा आडाखा सराव असलेल्या प्रौढ माणसाचा आहे. शाळकरी मुलांच्या तुकडीसाठी ताशी तीन किलोमीटर आणि दर तीनशे मीटर चढाईस एक तास धरावा.

उदाहरणादाखल बारा किलोमीटरची आणि एकूण तीनशे मीटर चढाईची फेरी घेऊ. त्यांपैकी पहिले चार किलोमीटर आणि सर्व चढाई माथ्यापर्यंत, उरलेले आठ किलोमीटर उतरण व सपाटी. माथ्यापर्यंत चालण्यास एक तास वीस मिनिटे, चढाईचा एक तास आणि विश्रांतीची वीस मिनिटे, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटे. गड पाहणे व भोजन यांस एक तास दहा मिनिटे. उतरून परत येण्यास दोन तास चाळीस मिनिटे व विश्रांतीची तीस मिनिटे. एकूण सात तास होतात.

आता हे गणित उलटीकडून मांडावे. डिसेंबरात भंडारा परिसरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि झाडीत अंधार त्याआधीच उतरू लागतो. पाय मुरगळला, तुकडी चुकली, एखाद्यास उचलून आणावे लागले, तर निदान दीड तास हाताशी हवा. म्हणून दुपारी चार ही पायथ्याशी पोहोचण्याची शेवटची वेळ ठरते. सात तासांची फेरी सकाळी आठ वाजता सुरू केली, तर तीनला संपावी, आणि वाटेतील रेंगाळण्यासाठी आणखी एक तास उरतो. आठच्या आधी रानात शिरण्याची घाई नको. पहाट आणि सांज या वन्यप्राण्यांच्या फिरण्याच्या वेळा होत.

माघारीची वेळ

अशा वर्तुळाकार फेरीत एक धोका दडलेला असतो. सरळ जाऊन-येऊन असलेल्या वाटेवर माणूस कोठूनही वळू शकतो. फेरीत मात्र एक जागा अशी येते की तिच्यापुढे गेल्यावर मागे फिरणे हे पुढे जाण्याइतकेच लांब पडते. तेथे पोहोचल्यावर थकवा आला, ऊन तापले किंवा पाणी संपले, तर दोन्हीकडचा रस्ता सारखाच अवघड होतो. म्हणून निर्णय त्या जागेच्या अलीकडे व्हावयास हवा, आणि तो घड्याळाने व्हावयास हवा.

वरील उदाहरणात माथ्यावर पोहोचण्याची अपेक्षित वेळ दहा वाजून चाळीस मिनिटे आहे. शेवटची मर्यादा साडेअकरा. साडेअकराला पोहोचलेली तुकडी भोजन आटोपून बारा चाळीसला निघाली, तर तीन वाजून पन्नास मिनिटांनी, म्हणजे चारच्या जेमतेम आत, पायथ्याशी येते. त्यापुढे जितका उशीर, तितका तो सायंकाळच्या राखीव वेळेतून वजा होतो. यास्तव साडेअकरापर्यंत सर्व तुकडी माथ्यावर आली नाही, तर फेरी रद्द करावी. तेथेच भोजन करावे, गड पाहावा आणि आल्या वाटेने उतरावे. हा नियम आदल्या दिवशी विद्यार्थ्यांना आणि पालकांना सांगून ठेवावा. आधी जाहीर केलेली माघार कोणास पराभव वाटत नाही. वाटेत अचानक सुचविलेली माघार मात्र उत्साही मुलांना आणि कधी कधी उत्साही शिक्षकांनाही रुचत नाही, आणि ‘थोडेच तर राहिले आहे’ या चार शब्दांनी तुकडी अंधारात सापडते.

तुकडीची रचना

दहा विद्यार्थ्यांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी. माहितगार सर्वांत पुढे, आणि सर्वांत मागे एक खंबीर शिक्षक, ज्याच्या मागे कोणीही राहू नये. सावकाश चालणाऱ्या मुलांना माहितगाराच्या लगेच मागे ठेवावे; वेग त्यांचा धरला म्हणजे तुकडी तुटत नाही. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबावे, शेवटचा माणूस येईपर्यंत हलू नये आणि तेथे मोजणी करावी.

प्रत्येकाजवळ किमान दोन लिटर पाणी, टोपी, बंद जोडा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पोळी-भाजी, मुरमुरे, गूळ-शेंगदाणे असा कोरडा शिधा असावा. शिक्षकांजवळ शिटी, विजेरी, जलसंजीवनीची पाकिटे आणि प्रथमोपचाराची पेटी. जलसंजीवनी न मिळाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे.

ऋतू आणि संकटे

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ सर्वांत योग्य. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचली जातात, अस्वल मोहाखाली येते आणि वणव्यांचाही तोच हंगाम. मे महिन्यात तेंदूपाने तोडण्यासाठी पोटापाण्याकरिता माणसे रानात जातात. हौसेने जाण्याचा तो काळ नव्हे. पावसाळ्यात नाले फुगतात आणि दगड निसरडे होतात.

जुन्या तटांवर आणि उंच झाडांवर आग्या मोहोळ असते. त्याच्या आसपास धूर, सुगंधी द्रव्ये, दगडफेक आणि आरडाओरड वर्ज्य समजावी. दगडांच्या कपारीत हात घालू नये, गवतात काठी आपटत चालावे. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा अवयव करकचून आवळणे हे उपाय घातक आहेत. रुग्णास चालू न देता, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असावा. २०१८ मध्ये नागपूर परिसरात स्क्रब टायफस या तापाची साथ आली होती. गवतझुडपांतील सूक्ष्म माइट किड्यांच्या पिल्लांच्या चाव्याने तो होतो. म्हणून गवतावर लोळू नये आणि फेरीनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आल्यास रानात गेल्याचे डॉक्टरांना सांगावे.

तलाव पाहून मुलांचे मन पोहावयास घेते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीस आलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी बुडाले, ही घटना महाराष्ट्र विसरलेला नाही. मामा तलावाचे पाणी संथ दिसते, पण त्यात गाळ आणि वेली असतात. पाळीवरून चालावे, पाण्यात उतरू नये, हा नियम अपवादरहित असावा.

या जिल्ह्याच्या दृष्टीने आणखी एक बाब विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. पूर्व विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि त्याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियान सुरू झाले. या विकाराच्या मुलास अतिश्रम, थंडी आणि शरीरातील पाणी कमी होणे यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. फेरीपूर्वी शाळेने आरोग्य तपासणीच्या नोंदी पाहाव्यात आणि अशा विद्यार्थ्यांबाबत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. त्या मुलास घरी बसवून ठेवणे हा मात्र उपाय नव्हे. पायथ्याच्या तळावर तुकडीच्या वेळांची नोंद ठेवण्याचे, नकाशावर तिची वाटचाल मांडण्याचे काम तितकेच महत्त्वाचे असते, आणि ते त्याच्याकडे विश्वासाने सोपवावे.

ग्रामपंचायतीचे कार्य

पदभ्रमणाचा लाभ केवळ येणाऱ्यांना व्हावा, गावास होऊ नये, हे योग्य नाही. पायथ्याच्या ग्रामपंचायतीने वाटा ओळखणाऱ्या तरुण-तरुणींची यादी करावी, त्यांना प्रथमोपचाराचे प्रशिक्षण मिळवून द्यावे आणि त्यांचे मानधन ग्रामसभेत ठरवावे. गुरे राखणारा, मोहफुले वेचणारी बाई, बांबू आणणारा मजूर यांना रानाची जी जाण असते ती कोणत्याही पुस्तकात नाही. वनविभागाच्या संमतीने फाट्यांवर चुन्याच्या खुणा करता येतील. पायथ्याशी पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि कचरा परत आणण्याची शिस्त, या तीन सोयी थोड्या खर्चात होतात. बचतगटांनी भोजन पुरविल्यास चार पैसे गावातच राहतील.

सर्वांत अगत्याचे काम मात्र बिनखर्चाचे आहे. निघण्यापूर्वी तुकडीतील सर्वांची नावे, फेरीचा मार्ग आणि परतण्याची शेवटची वेळ यांचा एक कागद पोलीस पाटलांकडे आणि एक सरपंचांकडे द्यावा. चार वाजेपर्यंत तुकडी परतली नाही तर कोणी कोणास कळवावयाचे आणि शोधास कोणत्या वाटेने निघावयाचे, हे त्याच कागदावर लिहिलेले असावे. सुखरूप परतल्यावर तो कागद परत घ्यावा. शोध घेणाऱ्यांना संध्याकाळी साडेचारला बोलावणे आणि रात्री नऊला बोलावणे यांतील फरक कधी कधी एका जीवाएवढा असतो.

समारोप

निसर्गात धोका आहे म्हणून मुलांना चार भिंतींत ठेवावे, असे कोणी म्हणणार नाही. ऐन, धावडा, सालई, तेंदू ही झाडे ओळखू येणारा, समोच्च रेषा पायांनी मोजलेला आणि ठरल्या वेळी निमूटपणे माघार घेण्यास शिकलेला विद्यार्थी उद्या शेतात, कचेरीत किंवा ग्रामपंचायतीत अधिक विचाराने वागेल. अंदाज बांधणे, राखीव ठेवणे आणि सर्वांत मागच्याची वाट पाहणे, या तीन सवयी कोणत्याही विकासकार्याला लागतात.

येत्या हिवाळ्यात ज्या शाळा अशी फेरी काढतील, त्यांनी कामाची सुरुवात कागदावर एक ओळ लिहून करावी : ‘सर्वजण पायथ्याशी परत – दुपारी चार.’ मार्ग, वेळ, शिधा, परवानगी आणि माणसे यांचा विचार त्या ओळीपासून मागे मागे करीत यावा. माथ्यावर किती वेळ थांबता येईल, हे मग आपोआप ठरेल.